डोकं ठेवू का?

बाबांचा विसरण्याचा आजार बळावायच्या आत त्यांना जग दाखवावं, म्हणून बाळ्या आईबाबांना परदेशी घेऊन आला होता. पण राजवाडा म्हणू नका, बाग म्हणू नका, बाबा नुसते मुक्यासारखे मागून चालायचे. शेवटी आई म्हणाली, "बाळ्या, यांना मासळी बाजारात ने. मासे कापण्यात जन्म गेला त्यांचा, तिथे तरी जीव रमेल."

बाजारात पायाखाली बर्फाचं पाणी आणि चहूकडून न कळणाऱ्या भाषेतला आरडाओरडा. बाबांची मान एकदम ताठ झाली. मासे कापणाऱ्या एका माणसापाशी ते थबकले, त्याचं काम बघून नाक मुरडलं आणि सुरीसाठी हात पुढे केला. तो गडी हसला. त्याने स्वतःचा एप्रन काढून बाबांना बांधला.

मग काय विचारता. खवलं सपासप उडाली, कल्ले निघाले, पोट साफ झालं आणि मोजून घेतल्यासारखे तुकडे पडले. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळ्याने सगळं मोबाईलवर टिपलं. आई डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "आले बघ तुझे बाबा परत."

बाबांनी तुकडे पिशवीत भरून पिशवी बाळ्याच्या हातात दिली. डोकं तेवढं बाजूला सरकवलं.



"हे नको असेल तर मी घरी नेतो, साहेब. आमच्या बाळ्याला फार आवडतं."