लाल्याचे केस

लाल्याच्या पाठीवरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. रुखमाबाईनं ते टोपलीत टाकले आणि कुंपणापलीकडच्या धुरपताबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "कोणाच्या डोळ्यात माहा कुत्रा खुपून राह्यला, मले मालूम आहे."

धुरपताबाई गोवऱ्या थापत होती. मान वर न करता बोलली, "कुत्र्याले खरूज झाली, त्यात माणसाइले कायले धरता? करंजीचं तेल लावा."

तेच लावणं चाललं होतं. त्याआधी कडुनिंबाचं पाणी झालं, गंधक झालं. नवल हे की लाल्या खाजवत नव्हता. केस आपोआप झडायचे आणि खालची कातडी तव्याच्या बुडासारखी काळी, जाड होत चालली होती. घाटंजीच्या त्या आळीत असा रोग कोणी पाहिला नव्हता. आळीनं सांगून टाकलं होतं, पुढच्या बाजारापर्यंत बरा झाला तर ठीक, नाही तर जंगलात सोडून या.

लाल्या तिच्या नवऱ्याचा, डोमाजीचा. डोमाजी गेला त्या दिवशी हे एवढंसं पिल्लू प्रेतामागं चालत गेलं आणि एकटंच परत आलं. त्याला जंगलात सोडायला सांगणाऱ्याच्या सात पिढ्या रुखमाबाईनं उद्धरल्या होत्या.

तेल लावणं चालू असतानाच बांगड्यावाला बाबुलाल आला. गावोगाव हिंडणारा माणूस, सगळ्यांचे निरोप त्याच्याकडे.

"केळापूरहून आलो, बाई. तुमच्या पंचफुलाचा निरोप आहे. केस लय गळून राह्यले म्हणे, खोबऱ्याचं तेल पाठवा." त्यानं कुत्र्याकडे पाहिलं. "इथं तं कुत्र्याले तेल आहे, अन् लेकीले नाही."

"तिच्या सासूनं तेलाच्या बुधलीले कुलूप घातलं असन," रुखमाबाई म्हणाली. "एवढी शेती त्याइची, अन् सुनेच्या डोक्याले तेल नाही. धाडतो म्हणा बुधलाभर. सासूले बी चोपडा म्हणा, तोंडाले."

जाता जाता बाबुलालनं भगताचा अंगारा सुचवला.

"नागपूरले दीक्षा घेऊन चार वर्षं झाली," ती म्हणाली. "देव मी माह्या हातानं नदीत सोडले. आता कुत्र्यासाठी परत बोलावू का त्याइले? ओले होऊन येतीन बिचारे."

बाई शिकलेली दोन इयत्ता, पण तिच्यापुढं मास्तरही जपून बोलायचा.

औषधाला मात्र तिची ना नव्हती. औषध ते औषध, त्यात देव कुठला? म्हणूनच तीन महिन्यांपूर्वी बाजारातल्या वैदूकडून तिनं पुड्यांची दोन पुडकी आणली होती. सून नलू आणि लेक पंचफुला, दोघींच्या कुशी अजून उजवायच्या होत्या. एक पुडकं घरी ठेवलं, एक केळापूरला धाडलं. रोज पहाटे पुडी दुधात कालवायची आणि उगवतीकडे तोंड करून प्यायची. पिताना कोणी पाहायचं नाही. पाहिलं तर गुण जातो. नलू पदराखाली पेला घेऊन परसात जायची, तेव्हा रुखमाबाई घरात पाठ फिरवून बसायची. वैदूला दिलेला शब्द होता, तो ती पाळत होती.

शेवटी मुलाला, बळीरामला, बैल जुंपायला लावून ती लाल्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं, उत्तमसिंगनं, हिरड्या पाहिल्या, तळवे पाहिले, मग बळीरामला पाणी आणायला पाठवून दिलं.

"बाई, हे खरूज नाही. कुत्र्याच्या पोटात सोमल जाऊन राह्यला."

"विष?"

"विषच. एकदम नाही, थोडं थोडं, रोजच्या रोज. पहिले केस जातात, मंग कातडी."

"अन् मंग?"

उत्तमसिंगनं लाल्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बंद झालं तं वाचन. कोण देते ते शोधा."

"शोधाचं काय त्यात? नाव मले मालूम आहे."

"नाव घेण्याआधी डोळ्यानं पाहा, बाई."

एवढं तिला पटलं. घरी ती कोणाशी काही बोलली नाही, बळीरामशी नाही, नलूशी नाही. बभ्रा झाला तर चोर सावध होतो.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच ती तुराट्यांच्या कुडामागं जाऊन बसली. मांडीवर काठी. धुरपताबाईला काय काय बोलायचं ते तिनं मनात रचून ठेवलं होतं. पण धुरपताबाईचं दार बंदच होतं. लाल्या आपल्या फुटक्या गाडग्यापाशी उभा राहून शेपूट हलवत होता. कोणाची तरी वाट पाहत होता.

घराचं दार वाजलं. नलू बाहेर आली. पदराखाली पेला.

रुखमाबाईनं झटकन मान फिरवली. शब्द म्हणजे शब्द.

मग तिला गाडग्यात धार पडल्याचा आवाज आला. त्यामागून कुत्र्याच्या जिभेची लपलप.

"पी बापा," नलू हळूच म्हणत होती. "मले तं एका घोटात ओकारी येते. पण बुढीले नाही म्हणाची छाती कोणाची आहे?"

काठी खाली पडली. नलू दचकून वळली, आणि सासूला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्याबाई, दूध वाया नाही घालवलं मी... लाल्याले..."

रुखमाबाईनं गाडगं लाथेनं उलटं केलं. लाल्याला मानेशी धरून मागं ओढलं.

"केळापूरची पहिली मोटार कवा सुटते?" तिनं विचारलं.

पंचफुलेला तिनं लहानपणापासून एकच वळण लावलं होतं: आईनं दिलेलं थेंबभरही टाकायचं नाही.