उस्ता मोंजीची चूक

टाकीतली हवा पाणबुड्याच्या तोंडाशी आणणारा तो रेग्युलेटर मोंजीने चौथ्यांदा उघडला. चौथ्यांदाही त्यात काही सापडलं नाही.

अकरा दिवसांपूर्वी याच टेबलावर त्याने तो दुरुस्त करून दिला होता. तो तोंडात धरून लझहर पोवळी काढायला समुद्रात उतरला आणि वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो सत्तर मीटरवर तळाशी पडलेला सापडला. टाकी पाठीवर तशीच होती, रेग्युलेटर तोंडातून सुटलेला.

"ज्याने दुरुस्ती केली त्यानेच तपासायचं, हे काही बरं नाही," किनारा पोलिसांचा तौफीक स्टुलावरून म्हणाला. "पण तबर्का बंदरात दुसरा कारागीर आहे कोण, उस्ता? सापडलं काही?"

"अजून नाही."

तीस वर्षं बंदरातले सगळे पाणबुडे मोंजीच्या हातावर भरवसा ठेवून खाली जात होते. वर आलात की आधी सामान गोड्या पाण्यात बुडवा, मग स्वतः आंघोळ करा, असं तो पोरांना दमात घेऊन सांगायचा. रबर चांगलं दिसलं तरी वर्ष झालं की तो ते फेकून द्यायचा. काल पहाटे मशिदीत त्याने एकच मागितलं होतं. चूक माझी असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या आधी मलाच दिसू दे.

टाकीत निम्मी हवा शिल्लक होती. थोडी सोडून त्याने हुंगली. तेलाचा वास नव्हता, धुराचा नव्हता. स्प्रिंग नीट, झडप नीट. तोंडाकडचा रबरी पडदा त्याने दिव्यासमोर धरला, बोटांनी ताणला. नवाकोरा होता तो. सुईच्या टोकाएवढंही भोक नव्हतं. जॅकेटमध्ये हवा भरणारं बटण दाबलं तर जॅकेट टम्म फुगलं. कमरेच्या शिशाच्या पट्ट्याचं बक्कल एका बोटाने सुटलं. पट्टा सोडला की माणूस आपोआप वर येतो; लझहरने मात्र तो सोडला नव्हता.

आता राहिलं होतं मनगटावरचं यंत्र. किती वेळात किती खोल, याची रेघ ते स्वतःच काढून ठेवतं. मोंजीने चष्मा पुसला आणि रेघ वाचायला घेतली.

लझहर चौसष्ट मीटरवर गेला होता. तिथे त्याने काम केलं. मग बेताने वर आला आणि, अंगाला कमी दाबाची सवय व्हावी म्हणून सगळे थांबतात तसा, वीस मीटरवर थांबला. तिथे तो नऊ मिनिटं होता. वरचा उजेड तिथून स्वच्छ दिसतो. नावेची सावलीसुद्धा दिसते.

आणि मग तो पुन्हा खाली गेला.

मोंजीने रेघ आणखी जवळ आणली. शुद्ध हरपलेला माणूस दगडासारखा पडतो. ही रेघ तशी नव्हती. दर चार-पाच मीटरवर तिला एक बारीकशी पायरी होती. खाली उतरताना कान दुखायला लागले की पाणबुड्या क्षणभर थांबतो, नाक दाबतो, कान मोकळे करतो आणि पुढे जातो. लझहरने थेट तळापर्यंत आपले कान जपले होते.

मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ सामी याच पाण्यात बुडून गेला होता. त्यानंतर लझहर कॅफेत बसायचा तो दोन कप चहा मागवून. गडी हळूहळू सावरेल, असंच सगळ्यांना वाटत होतं.

"काय म्हणतंय ते?" तौफीकने विचारलं.

"वीस मीटरवर थांबला होता. नियमाप्रमाणे."

"मग?"

मोंजीने यंत्र टेबलावर पालथं ठेवलं. तेवढ्यात दार वाजलं. लझहरची बायको सलूहा आली होती, आणि तिच्या बोटाला धरून नऊ वर्षांची शैमा. तौफीक घाईघाईने उठला आणि दारात आडवा झाला. "आत नको, ताई. तपास चालू आहे."

त्याच्या हाताखालून पोरीने डोकं आत घातलं. "मोंजीकाका, बाबा वर यायला निघाले होते ना?"

तौफीकची पाठ टेबलाकडे होती. मोंजीने ब्लेड उचललं आणि रबरी पडद्यावर ओढलं. एकदाच.

"हो गं," तो म्हणाला. "घरीच यायला निघाला होता." मग त्याने आवाज चढवला. "साहेब, लिहून घ्या. पडदा फाटका आहे. हवेबरोबर पाणी आत गेलं. बदलायला हवा होता, मी जुनाच ठेवला."

तौफीक वळला. "उस्ता, काय बोलतोयस कळतंय का तुला?"

"कळतंय. लिहा."

शैमा आधी त्याच्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यावर थुंकली. सलूहाने तिला ओढत नेलं. आईने मागे वळूनही पाहिलं नाही.

दुकानाला सील लागलं. कोर्टाने आठ महिने दिले. तो सुटून आला तेव्हा कॅफेत त्याच्याजवळच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. पाणबुडे आपलं सामान दुरुस्तीला बिझर्त शहरात नेऊ लागले होते. ज्यांना त्याने हे काम हाताला धरून शिकवलं होतं, ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मोंजी बाजारात लोकांचे मासे साफ करून देऊ लागला.

एका सकाळी सलूहा समोर येऊन उभी राहिली. तिने दोन बोय मासे फळीवर ठेवले. शेजारचा मासेवाला दूर जाईपर्यंत ती थांबली.

"रोज खिशात असायची ती घराची किल्ली त्या दिवशी लझहर मागे ठेवून गेला होता," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नाही."

मोंजीचा सुरा थांबला.

"पोर कशी आहे?"

"ती रोज तुम्हाला शिव्या घालते, काका. आणि मग शांत झोपते."