करंगळीवरची पकड

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून त्या तरुण सर्जनचा हात तिचं ऐकत नव्हता. आज सरावाच्या यंत्रावर तो स्थिर राहिला, तरच उद्या दोन महिन्यांच्या बाळाची शस्त्रक्रिया तिच्याकडे येणार होती.

तिने तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार केले आणि मगच यंत्राला तारांनी जोडलेले हातमोजे चढवले.

यंत्र चालवणारा तंत्रज्ञ हसला. "मॅडम, या यंत्रातल्या बाळाला गार लागत नाही हो. नुसतं गणित आहे ते!"

"असू दे. घरचीच सवय लागलीय."

पडद्यावर इवलंसं पोट उमटलं. मोज्यातून त्याची मऊ कातडी तिच्या डाव्या तळव्याला जाणवली. उजव्या हातातली सुई मात्र थरथरू लागली.

तेवढ्यात डाव्या करंगळीभोवती काहीतरी मिटलं. पाच बारीक, कोमट बोटं. घरी दूध पिताना लेक धरते, अगदी तशी.

थरथर थांबली. पहिला टाका बिनचूक बसला. मग बाकीचेही.

"पास! उद्याची काळजी सोडा आता," तंत्रज्ञ म्हणाला.

"बाळाचा हात किती खरा केलाय हो तुम्ही."

"हात? आम्ही फक्त पोट बनवलंय, मॅडम." त्याने बटण बंद केलं. पडदा काळा झाला, यंत्राची घरघर थांबली.

तिने उजवा मोजा उतरवला. डाव्याला हात घातला, तशी करंगळीवरची पकड घट्ट झाली. आणि त्या बोटांतली ऊब हळूहळू जाऊ लागली.

"बटण लावा," ती म्हणाली. "अहो, लवकर लावा ना! गार पडत चाललंय ते!"