चौथं हँडल

"ते पिशवीतच राहू दे," काकू दारातच म्हणाल्या. "आणि हळू बोला. हे जागे आहेत."

कारागिराने स्टीलचं नवंकोरं हँडल परत पिशवीत सरकवलं. रेल्वेचे जुने डबे होते तसे उभे करायचे तर त्यांचे सुटे भाग असे घराघरांतूनच काढावे लागतात. कुणाच्या बाथरूमला डब्याची कडी असते, कुणाच्या गॅलरीत सामानाची फळी. भाग काढला की त्या जागी नवं काहीतरी बसवून द्यायचं, भिंत उघडी टाकून निघायचं नाही, एवढा एक नियम त्याने आजवर पाळला होता. डब्याला दारं चार, हँडलं चार. तीन मिळाली होती. चौथ्यासाठी दोन वर्षं त्याने भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवले. ते या घरात आहे हे कळल्यावर इथेही दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काकू नाही म्हणाल्या. आणि परवा त्यांचाच फोन आला, या आणि घेऊन जा.

"बदली नको? मग भिंतीला काय लावू?" त्याने विचारलं.

"काहीच नको. धरायला काही दिसलं की हे उठायला जातात. या महिन्यात दोनदा पडले. उचलायला मी एकटी, त्यात माझी कंबर ही अशी. शेजारचे तरी किती वेळा धावून येतील? डॉक्टर म्हणाले, आता पडले तर पुन्हा घरी यायचे नाहीत." भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या सांगत होत्या. "यांना मी सांगितलंय, हँडल हलतंय, घट्ट करायला माणूस येतोय. तुम्ही काढा आणि जा."

काका पलंगावर उताणे पडले होते. डब्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलेला माणूस, आता चादरीखाली जेमतेम दिसत होता. पलंगाला लागून भिंतीवर ते पितळी हँडल होतं, वीतभर लांबीचं, डब्यात चढताना धरतात तसलं. मधोमध धरून धरून गुळगुळीत झालेलं.

कारागिराने खिशातून पुठ्ठा काढला. आधीच्या तीन हँडलांवरून कापलेला. तो त्याने वर धरून पाहिला आणि चारही स्क्रू बरोब्बर भोकांत दिसले. दोन वर्षं जीव टांगणीला लागला होता तो याच्यासाठी. पण आत काही हललं नाही. आनंद नाही झाला, लाजही नाही वाटली. वाटायला हवी होती, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं.

"हलतंय ना?" काकांनी विचारलं. आवाज बसलेला, पण हुकमी.

"हो."

"नुसतं वरून आवळशील तर काही उपयोग नाही. भिंतीतल्या लाकडी पाचरी सैल झाल्यात. आधी पूर्ण काढ."

खोटं काय बोलायचं ते कारागीर जिन्यातच ठरवून आला होता. त्याची गरजच पडली नाही. तीन स्क्रू मुकाट्याने निघाले. चौथ्यावर रंगाचे थर बसले होते. त्याने जोर लावला तसा स्क्रूड्रायव्हर सटकला.

"अरे, खाच घालवशील त्याची." काका कोपरावर रेटा देऊन उठायला लागले. काकूंनी त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना खाली निजवलं. "आधी आवळ, मग सोड," ते पडल्या पडल्या म्हणाले. "आधी त्याचं ऐकायचं, मग आपलं सांगायचं. हिच्याशी पन्नास वर्षं तसंच वागलोय मी."

काकू हसल्या नाहीत.

कारागिराने स्क्रू जरासा आवळला. रंगाचा टवका उडाला. मग उलटा फिरवला तर सहज सुटला. हँडल हातात आलं, वाटलं होतं त्याहून जड. मागच्या बाजूला कारखान्याचा नंबर ठोकलेला होता. त्याचा अंगठा आपसूक त्यावरून फिरला.

"ओळखीचं दिसतंय तुझ्या," काका म्हणाले.

"जुन्या डब्यांचंच काम करतो मी, काका."

"मग तुला काय शिकवायचं. नव्या पाचरी मार आणि बसव. लाकूड चांगलं वाळलेलं घे. ओलं मारलंस तर महिन्याभरात परत हलायला लागेल."

भिंतीत आता चार भोकं होती. पिशवीत स्टीलचं हँडल होतं, स्क्रू होते, लाकडाचे तुकडेही होते. दहा मिनिटांचं काम. कारागिराने काकूंकडे पाहिलं. त्या चादरीवर पडलेला भिंतीचा चुरा तळहाताने गोळा करत होत्या.

"लाकूड नाही आणलं त्यांनी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जाऊन घेऊन येतील."

कारागिराने मान हलवली. पितळी हँडल फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. ते आतल्या स्टीलवर आपटून वाजलं. काकूंनी मुठीतला चुरा खिडकीबाहेर टाकला आणि हात झटकले.

"लाकूड नीट बघून घे," काका म्हणाले. "घाईघाईत भलतंच काहीतरी उचलून आणू नकोस. तू येईपर्यंत मी काही उठत नाही."