एकोणनव्वदच्या चोवीस पायऱ्या

कापायच्या टेबलावर मोठी कात्री होती आणि तिच्याशेजारी मेहुण्याने आणलेली कापडी पिशवी. मेहुण्याने दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

"दाजी, शब्द तुमचाच होता. रविवारी येऊन कात्री घेऊन जा म्हणालात, म्हणून आलो."

"शब्द आहेच," मास्तर वहीतून मान वर न काढता म्हणाले. "आधी बेरीज होऊ द्या. जमली तर कात्री इथे, नाही तर तुमच्या पिशवीत."

टेलर मास्तर लकव्याच्या झटक्यातून उठले त्याला चार महिने झाले होते. चालणं परत आलं, हात परत आला, फक्त आकडे उलटे येऊ लागले. टेपवर त्रेचाळीस असायचे, मास्तर चौतीस म्हणायचे. त्या चौतिसापायी एका गिऱ्हाइकाची पँट नऊ इंच आखूड कापली गेली. त्याच संध्याकाळी मास्तरांनी कात्री देऊन टाकायचं ठरवलं. मेहुण्याचंही शिवणाचं दुकान होतं. आपल्या वडिलांच्या हातची कात्री गंजत पडण्यापेक्षा नात्यात राहिलेली बरी.

लेक मात्र बापासारखीच हट्टी. तिने सगळ्या चुका एका कागदावर मांडल्या. त्रेचाळीसचे चौतीस, छत्तीसचे त्रेसष्ट. फरक कधी नऊ, कधी सत्तावीस, पण दरवेळी नवाच्या पाढ्यातलाच.

"बाबा, तुम्ही भलताच आकडा सांगत नाही. आहे तोच उलटा सांगता. आणि आपली भाषाही काही कमी नाही. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी, चाळीस मागून."

मग तिने त्यांना एक खेळ शिकवला. आकडा घ्यायचा, उलटा करून त्यातच मिळवायचा. उत्तर परत उलटं करायचं, परत मिळवायचं. असं करता करता बहुतेक वेळा दोन्हीकडून सारखाच दिसणारा आकडा हाती लागतो. बावन्नात पंचवीस मिळवले की सत्त्याहत्तर, एका पायरीत काम फत्ते. एकोणनव्वदला मात्र चोवीस पायऱ्या लागतात, आणि मधे एक अंक जरी हुकला तरी सगळं मुसळ केरात. मास्तरांनी एकोणनव्वदच धरला. सहा वेळा वाट चुकली होती. ही सातवी.

"पण दाजी, हे काय खूळ?" मेहुण्याला राहवेना. "आकड्यांनी शर्ट शिवले जातात होय?"

"आकड्यांनीच शिवले जातात रे," मास्तरांची बायको मशीनवरून म्हणाली. तिचा पाय पायडलवर होता, पण मशीन केव्हाचं थांबलेलं होतं.

तेविसाव्या पायरीला आकडा तेरा अंकी झाला: १८०१२००००२१०७. मास्तरांनी खाली तोच उलटा लिहिला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून. मग रेघ मारली. तेवीस पायऱ्या हातच्यांनी छळलं होतं. चोविसावीत एकही हातचा आला नाही. घाम मात्र आला.

"वाचा, बाबा," लेक म्हणाली.

मास्तरांनी आकड्यावर बोट ठेवलं. "आठ, आठ, एक, तीन, दोन. शून्य, शून्य, शून्य. दोन, तीन, एक, आठ, आठ."

लेकीने बोटाकडे पाहिलं. बोट उजवीकडून डावीकडे चाललं होतं.

"बरोबर आहे का गं?" मामाने विचारलं.

"बरोबर आहे, मामा." ते खरंच होतं, तरी तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

मास्तर तिच्याकडे बघत होते. "उलटा वाचला ना मी?"

तिने मान डोलावली.

"कळलं मला. या आकड्याने सांभाळून घेतलं. गिऱ्हाईक घेणार नाही." ते टेबलाला धरून उठले. खुंटीवरची टेप काढून त्यांनी गळ्यात घातली. ती पँट फसल्यापासून पहिल्यांदाच. "मेहुणे, उभे राहा."

"मी? मी कशाला?"

"हात वर. आणि छाती फुगवू नका, उगाच कापड वाया जातं."

टेप पाठीमागून फिरून पुढे आली, टोकं जुळली. मास्तरांनी आकड्याकडे पाहिलं. जिभेवर चोवीस आलं. त्यांनी ते गिळलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच आलं, पुन्हा गिळलं. मेहुणा हात वर करून तसाच उभा. मग मास्तरांनी अंगठ्याचं नख डावीकडच्या अंकाखाली रोवलं.

"चार."

नख सरकलं.

"दोन."

लेकीने वाकून टेप पाहिली. बेचाळीसच होते. तिला एकदम रडू आलं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"लिही गं," मास्तर बायकोला म्हणाले. "यापुढे जोडून म्हणणारच नाही. एकेक सांगेन, तू एकेक लिही. गिऱ्हाईक हसलं तर हसू दे."

तिने लिहिलं. मास्तरांनी मेहुण्याचे हात खाली करून टेप खांद्यावर धरली. "एक. आठ." मग बाहीवर. "दोन. चार." प्रत्येक वेळी नख आधी, जीभ नंतर. वेळ लागत होता. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मापं संपली तेव्हा मेहुण्याने टेबलाकडे पाहिलं. कात्री जागेवरच होती. मास्तरांनी पिशवीची नीट घडी घालून ती त्याच्या हातात दिली.

"गुरुवारी घेऊन या ही. शर्ट न्यायला लागेल."