अंगठा

वडिलांच्या घराची वाटणी झाली, तेव्हा थोरल्याने धाकट्याला सरळ अंगठा दाखवला होता. तेव्हापासून दोघांत अबोला होता, आणि आज अचानक त्याचाच फोन आला. "जुन्या धक्क्याखाली रात्रीचं काय सुंदर दिसतं रे! चल, एक बुडी मारून येऊ."

"जपून हं," धाकट्याची बायको म्हणाली. "भाऊजी उगाच गोड बोलत नसतात."

किनाऱ्यावर थोरला पाण्यातल्या हातखुणा समजावून सांगत होता. धाकट्याचं सगळं लक्ष मात्र आपल्या पाठीवरच्या हवेच्या टाकीकडे: याने काही करून तर ठेवलं नाही ना?

धक्क्याच्या शेवाळलेल्या खांबांत शिरल्यावर तर संशयाने त्याला धापच लागली. मध्येच थोरला जवळ आला, त्याने टाकीत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या धाकट्याच्या काट्यावर टॉर्च मारला, आणि मग तोच झोत स्वतःच्या हातावर धरून चक्क अंगठा दाखवला.

म्हणजे इथेही तेच! धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठ फिरवून तो आणखी आत घुसला.

थोड्याच वेळात हवा येईनाशी झाली. तेवढ्यात थोरल्याने त्याला मागून घट्ट धरलं आणि त्याच्या तोंडातली नळीच उपटली. 'शेवटी साधलाच डाव!' धाकटा हातपाय झाडू लागला. पण थोरल्याने स्वतःची जादा नळी त्याच्या तोंडात कोंबली आणि त्याला ओढत किनाऱ्यावर आणलं.



"गाढवा," थोरला धापा टाकत ओरडला, "उतरायच्या आधी घसा फोडून सांगितलं होतं ना, अंगठा म्हणजे 'वर चल'!"