नवा शेवट

रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत बाईंनी शेवटचं पान समोर घेतलं. जुन्या गोष्टीत रानात मेलेली मुलगी तिसऱ्या दिवशी घरी येऊन दार वाजवते आणि आई कडी काढत नाही. नव्या आवृत्तीत आई दार उघडते.

"जुनाच शेवट वाचू का?" त्यांनी माईकमध्ये विचारलं.

"नको ताई," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हसला. "आजकालच्या पोरांना कडी लावून बसणारी आई चालत नाही."

बाईंना हसू आलं नाही. लहानगी लेक गेल्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून हसू नव्हतं आणि रडूही नव्हतं. आवाज मात्र अगदी एकसारखा लागायचा, त्याचं सगळे कौतुक करायचे.

"दारावर थाप पडली," त्यांनी वाचलं.

"थांबा ताई. टकटक तुम्ही केलीत? ती मी नंतर टाकणार आहे."

त्यांचे दोन्ही हात कागदावर होते. त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी टकटक त्यांनाही ऐकू आली. दाराच्या खालच्या भागावर, लहान मुठीची, तीनदा.

जुनं वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कागदावर होतं तेच त्यांनी वाचलं.

"आईनं कडी काढली."

टकटक थांबली.

"झकास! हाच टेक ठेवू," त्यांच्या शेजारी बघत रेकॉर्डिस्ट म्हणाला. "फक्त तिला सांगा ना ताई, खुर्चीत बसून पाय हलवू नकोस म्हणावं. आवाज येतोय."